आळी लिहायला घेताना: जुनी घरं आणि त्यांतली माणसं कशी नोंदवावीत

पारावर वही घेऊन बसलं की पहिला प्रश्न तोंडात येतो, "गावात पहिलं घर कुणाचं?" हा प्रश्न विचारू नका. मी विचारला होता. आमचं गाव खानापूर तालुक्यातलं, विट्याहून एसटीनं पाऊण तासाचं. एकाच आळीतल्या तीन भावक्यांनी मला तीन उत्तरं दिली आणि तिन्ही उत्तरांत पहिलं घर सांगणाऱ्याचंच निघालं. चौथ्यानं तर बाकीच्या तिघांचे पूर्वज आपल्या पणजोबांनी कसे आणून वसवले तेही रंगवून सांगितलं. त्या दिवशी मी घराण्यांचा नाद सोडला आणि घरं लिहायला घेतली. घराण्याला मानपान असतो, भाऊबंदकी असते, कोर्टातली तारीख असते. भिंतीला यातलं काही नसतं. या दारातनं आधी कोण ये-जा करत होतं, मग कोण, मध्ये भाड्यानं कोण राहिलं, कुलूप कधी लागलं, एवढंच विचारत गेलात की घराणी मागच्या दारानं वहीत येतात.

पुढचं सगळं सातारा-सांगलीकडच्या गावांना धरून आहे. कोकणात किंवा विदर्भात कागदांची नावं तीच असली तरी घरांची भाषा वेगळी, तिकडच्यांनी आपापलं बघून घ्यावं.

पायरी १: आळी आखून घ्या

सगळं गाव घेऊ नका. वेशीपासून मारुतीपर्यंतची एक आळी, वीस-पंचवीस घरं, एवढ्यालाच दोन दिवाळ्या जातात. गणिताच्या चौकटीच्या वहीवर रस्ता काढा, दोन पावलांना एक चौकट असं काहीतरी ठरवा आणि चालत सुटा. घरांना नंबर स्वतःचे द्या. ग्रामपंचायतीचा मिळकत क्रमांक शेजारी लिहून ठेवा, पण त्यावर वही उभी करू नका. फेरआकारणीत तो बदलतो, वाटणी झाली की त्याला पोटनंबर फुटतात, आणि दारावरच्या पत्र्याच्या पाट्या रंगकामानंतर कुठल्या कुठं लागलेल्या असतात.

रिकाम्या जागांनाही नंबर हवेत. पडक्या भिंती, गोठा झालेलं जोतं, बाभळी उगवलेला मातीचा ढीग, सगळ्यांना. नवखा माणूस उभी घरं मोजतो आणि मग मधल्या दोन घराण्यांचं काय झालं ते त्याला कळतच नाही. आमच्याकडं गावठाणाला पांढर म्हणतात आणि शेतीला काळी. पांढरीत पिढ्यानपिढ्या मातीच्या भिंती पडल्या, त्याच मातीवर पुन्हा उभ्या राहिल्या, चुलीची राख आणि शेण त्यात मुरत गेलं. गावात गढी असेल तर तिची माती लोकांनी माळवदावर (मातीच्या सपाट छतावर) टाकायला किंवा शेतात नेलेली असते. कुठल्या अंगानं खणलंय त्याची नकाशात खूण करा, पुढं उपयोगी पडते.

पायरी २: विचारायच्या आधी घर बघा

हे काम बहुतेक जण गाळतात आणि थेट म्हाताऱ्यांकडं जातात. आधी घर बघून गेलात तर म्हाताऱ्यांना विचारायचे प्रश्न बरे सुचतात.

पहिली गोष्ट, खण मोजा. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. जुनी माणसं घराचं माप फुटांत सांगत नाहीत, "पाच खणाचा सोपा हुता" म्हणतात (सोपा म्हणजे घराची पुढची ओसरी). वाटणीही खणांनीच व्हायची, थोरल्याला तीन, धाकट्याला दोन. त्यामुळं सोप्यातले खांब एका रांगेत, एकाच घडणीचे आणि मध्येच एक विटांची भिंत घुसलेली दिसली तर तिथं वाटणी झालीय हे समजावं. दोन घरांची जोती एकाच उंचीची, एकाच तासलेल्या दगडांची आणि मध्ये सांधा नसेल तर ते मुळात एकच घर.

आळीतल्या माझ्या वहीतल्या सातव्या घरात माजघराच्या भिंतीत एक दिवळी होती. दिवळी म्हणजे दिवा ठेवायचा कोनाडा, वीतभर रुंद असतो. ही मात्र हातभर रुंद आणि खालची कड जमिनीपासून कमरेएवढी. आत चहाचे डबे आणि औषधाच्या बाटल्या. मी वहीत "मोठा कोनाडा" असं लिहिलं. चुलीपुढं बसलेल्या आक्का बघत होत्या. म्हणाल्या, "आरं, त्यो कोनाडा न्हवं. दार हाय त्ये." डबे काढून बघितलं तर वरच्या अंगाला लाकडी चौकटीची पट्टी मातीत गाडलेली, आणि भिंतीवर टिचकी मारली तर कमरेखालचा आवाज पोकळ. दोन भाऊ वेगळे निघाले तेव्हा दार खालून निम्मं बुजवलं होतं. वरचं तसंच ठेवलं, का तर दोघांच्या बायकांना सासूला दोन्हीकडून ताट देता यावं म्हणून. सासू गेल्यावर पलीकडनं फळी ठोकली. सातवं आणि आठवं घर एक होतं हे मला कागदांत सापडायला पुढं आठ महिने लागले.

छपराकडं बघताना एक लक्षात ठेवा, छप्पर घराचं वय सांगत नाही. आटपाडी, जत, माण, खटाव या पट्ट्यात पाऊस कमी, म्हणून माळवदं: जाड भिंती, तुळया, त्यांवर फळ्या किंवा फोका, वर चिखल आणि पांढरी माती, उजेडाला साणं, म्हणजे छतातलं भोक. शिराळा, पाटण, जावळीकडं माळवद पहिल्याच पावसाळ्यात खाली येईल, तिथं उतरतं कौलारू. आमचा तालुका मधला, एकाच आळीत दोन्ही दिसतात. कौल उलटं करून बघितलं तर मागं कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. मंगळूरला बासेल मिशननं कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली, आणि तसली चपटी कौलं आपल्याकडच्या खेड्यांत यायला बराच काळ गेला. तेव्हा मंगळुरी कौल दिसलं तर छप्पर बदललंय, एवढंच लिहायचं. पाटण-कराडकडच्या गावांत ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप मध्ये येतो. तिथं पत्र्याचं घर दिसलं की ते भूकंपाआधीचं का नंतरचं हा पहिला प्रश्न.

चौकटीवर शके कोरलेला असला की हरखून जाऊ नका. सागवानी चौकट भिंतीपेक्षा जास्त जगते. एका घराची चौकट दुसऱ्या घराला लागते, विकतही जाते. आमच्या आळीत सगळ्यांत जुना शक ज्या दारावर आहे ते घर सगळ्यांत नवं आहे.

पेवं आणि बळदं विसरू नका. बळद भिंतीतलं, पेव जमिनीतलं, दोन्ही धान्याची. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती हे बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. खेड्यात ती ज्वारीची. पेव बहुधा घरासमोर रस्त्याकडेला असतं आणि वर काँक्रीट पडल्यामुळं दिसत नाही. "तुमचं पेव कुठं हुतं?" असं विचारलं की म्हातारी माणसं बोट दाखवतात. ज्याचं पेव, त्याचं अंगण होतं. रस्ता रुंद करताना कुणाची किती जागा गेली तेही तिथंच कळतं.

पायरी ३: विचारायचं कुणाला

सगळे म्हणतात, गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा. विचारा, पण त्याच्या डोक्यात साठ-सत्तर वर्षांची घरं एकावर एक रचलेली असतात. १९६० चं दार आणि १९९० चा पत्रा तो एकाच वाक्यात सांगतो.

मला सगळ्यांत चोख माहिती मिळाली ती आळीतनं लग्न होऊन गेलेल्या बायकांकडून. माहेरवाशिणीच्या डोक्यातली आळी लग्नाच्या वर्षी थांबलेली असते. १९६४ साली मिरजेकडं दिलेली आत्या आजही सांगते की कोपऱ्यावरच्या सुताराच्या नेटाला, म्हणजे कामाच्या जागेला, चिंच होती, तिच्याखाली चाकाला लोखंडी धाव बसवायचे, त्यापुढं आड, आडापुढं आमचं न्हाणीघर. आळीत राहिलेल्यांना ती चिंच कधी तोडली तेही आठवत नाही, रोज बघणाऱ्याला गेलेली वस्तू कळत नाही. दोन वेगवेगळ्या वर्षी लग्न झालेल्या दोन बहिणी सापडल्या तर फारच उत्तम. दोघींना वेगवेगळं बसवून आळीचा नकाशा काढायला लावा. जे एकीच्या नकाशात आहे आणि दुसरीच्या नाही ते मधल्या वर्षांत घडलं.

सुनांचं उलटं. त्या नव्या म्हणून आल्या, कुणाला काय हाक मारायची, कुणाच्या दारात डोक्यावरचा पदर घ्यायचा, कुठल्या घरी हळदी-कुंकवाला जायचं नाही, हे त्यांना पहिल्या वर्षात पाठ करावं लागलं. आळीतली नाती त्यांनाच नीट येतात.

वेळ साधायची ती यात्रेची किंवा दिवाळीची. आमच्या भागातली निम्मी घरं गलाईवाल्यांची, सोनं-चांदी गाळायच्या धंद्यावर कोइमतूरपासून कोलकात्यापर्यंत पांगलेली. वर्षभर दाराला कुलूप, किल्ली शेजारी. यात्रेला चार दिवस सगळी आळी उघडी असते. पण यात्रेच्या दिवशी मुलाखत घ्यायला बसू नका, कुणाला वेळ नसतो. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं झाल्यावर, सोप्यात.

काय विचारायचं? साल विचारू नका. "तुम्ही कधी आला इथं?" याला उत्तर येतं "लई वर्सं झाली". त्यापेक्षा प्रसंगाला टाचा. प्लेगात माळावर झोपड्या टाकल्या तेव्हा हे घर होतं का? (१८९७ पासून पुढं बरीच वर्षं प्लेग येत-जात राहिला; पुष्कळ गावांच्या वाड्या-वस्त्या त्या झोपड्यांतूनच कायमच्या झाल्या.) मानमोडीत, म्हणजे १९१८ च्या साथीत, या घरातलं कोण गेलं? बहात्तरच्या दुष्काळात सुकडी आणि मिलो खाल्ला तेव्हा तुम्ही किती मोठे होता? टेंभू सिंचन योजनेचं पाणी आल्यावर रानात कोण राहायला गेलं? अशी आठ-दहा खुंट्यांची यादी सुरुवातीलाच करून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.

भावकी ओळखायला दोन प्रश्न पुरतात. एक, "तुमचं सुतक कुणाकुणाला येतं?" आडनाव एक असून सुतक येत नसेल तर घराणी वेगळी. आडनावं वेगळी असून सुतक येत असेल तर मूळ एक, मध्ये कुणीतरी पाटीलकीवरनं किंवा गावावरनं नवं आडनाव लावलं. "पाटील" या आडनावावर तर काहीच ठरवू नका, एका गावात चार पाटील घराणी असतात आणि चौघांची मूळ आडनावं चार.

दुसरा प्रश्न देवघराचा. वाटणीत देव थोरल्या घरी राहतात. कुलदैवताचे आणि पूर्वजांचे जुने झिजलेले टाक (धातूच्या पत्र्यावरच्या मूर्ती) ज्या घरी, ते बहुधा थोरलं घर. धाकट्यांनी पुढं नवे टाक करून घेतलेले असतात, नाकडोळे स्पष्ट दिसतात त्यावरनं कळतं. देवघरात हात घालायचा नाही, फोटो काढायचा तर विचारून, आणि चपला बाहेर. कुलदैवत कुठलं तेही लिहा: खरसुंडीचा सिद्धनाथ, पालीचा खंडोबा, जोतिबा, तुळजापूर. देवक लिहा. बेंदराला बैलांच्या मिरवणुकीत पहिला मान कुणाचा, होळीला पहिला नैवेद्य कुणाचा, हेही लिहा, पण "मान पहिला म्हणजे घर पहिलं" असा हिशोब करू नका. मान बदलतात, कधी भांडून, कधी उसने दिलेले परत न आल्यानं.

नावांचा घोटाळा ठरलेला. प्रत्येक घरात एक आबा, एक तात्या, एक अण्णा. नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत, म्हणजे शंभर वर्षांत एकाच नावाचे तीन पुरुष. म्हणून प्रत्येक नावाशेजारी बापाचं नाव आणि बायकोचं माहेर लिहा. माहेरच्या गावाइतकी पक्की खूण दुसरी नाही.

पायरी ४: कागद

आधी जिल्ह्याचा गोंधळ सोडवून घ्या. सांगली जिल्हा १९४९ साली "दक्षिण सातारा" म्हणून झाला, सांगली हे नाव १९६० साली मिळालं. त्याआधीच्या कागदांत खानापूर, तासगाव, वाळवा सगळे "जिल्हा सातारा". आटपाडी औंध संस्थानात, जत, फलटण, मिरज, सांगली ही आपापली संस्थानं, ती मार्च १९४८ मध्ये विलीन झाली. दोन शेजारची गावं, एक खालसातलं (थेट इंग्रजांच्या ताब्यातलं), एक संस्थानातलं, असं सर्रास असे. तुमचं गाव कशात होतं हे कळल्याशिवाय दप्तर शोधायला निघू नका, फुकट हेलपाटे होतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात आधी विचारा आणि तिथून पुढं.

नवख्यांची पहिली चूक म्हणजे घराचा इतिहास शोधायला सातबारा काढणं. सातबारा शेतजमिनीचा. गावठाणातल्या घराला तो नसतो. घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही. इथंच दुसरी चूक दबा धरून असते: तलाठ्याकडंही "आठ अ" असतो, तो खातेदाराच्या एकूण जमिनीचा. खिडकीवर नुसता "आठचा उतारा" मागितला की चुकीचा कागद हातात पडतो. (पदांची नावं आता बदललीत, पण गावात अजून तलाठी आणि ग्रामसेवकच चालतं.) नमुना ८ मध्ये मालकाचा आणि भोगवटादाराचा असे वेगळे रकाने असतात. मी पहिल्या वर्षी फक्त मालकाचा रकाना उतरवून घेतला आणि चाळीस वर्षं त्या घरात राहिलेलं शिंप्याचं कुटुंब माझ्या वहीतनं साफ गळलं. त्यांच्या मुलीनं विचारलं, "आमी कुठं हाय ह्यात?" दोन्ही रकाने घ्या. जुनी नोंदवही मिळाली तर घराचं वर्णनही असतं: दगड-मातीचं, माळवद, पत्रा.

ड्रोननं गावठाणं मोजायची स्वामित्व योजना २०२० पासून देशभर आली. तुमच्या गावाची मोजणी झाली असेल तर घराघराची मिळकत पत्रिका आणि हद्दी दाखवणारा नकाशा तयार मिळतो. तुमच्या हातच्या नकाशाशेजारी तो ठेवून बघा. आजच्या हद्दींना तो उत्तम. कालच्या हद्दी त्यात नाहीत.

मग सातबाऱ्याचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण त्याच्या मागच्या फेरफाराचा, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींचा. १९०३ च्या कायद्यानं हक्कनोंद सुरू झाली तेव्हापासून खातेदार वारला की वारसांची नोंद फेरफारात आली. घरातला माणूस शेतीचा खातेदार असतोच, त्यामुळं त्याच्या मृत्यूचं साल, विधवेचं नाव, मुलं, अज्ञान (वयानं लहान) असतील तर पालनकर्ता, सगळं एका परिच्छेदात मिळतं. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आल्यावर या नोंदींत मुलींची नावंही येऊ लागली, सासरच्या गावासकट, आणि बहुतेक वेळा पुढच्याच पानावर त्यांचं हक्कसोडपत्र. वाचून वाईट वाटतं खरं, पण आळीतनं कुठली मुलगी कुठल्या गावाला गेली याची पत्त्यासकट यादी दुसरीकडं कुठंच मिळत नाही. मिरजेच्या आत्या मला तिथंच सापडल्या. जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून "आपले अभिलेख" या सरकारी संकेतस्थळावर ठेवायचं काम झालंय. आपल्या गावाचं तिथं काय आहे ते घरी बसून बघून मगच तालुक्याला जा.

कोतवाल बुक हा सगळ्यांत जिवंत कागद. गावातले जन्म-मृत्यू त्यात नोंदलेले, जातीच्या रकान्यासकट, जुनी पानं मोडी लिपीत. कुणबी नोंदी शोधायची मोहीम २०२३ पासून निघाल्यावर ही पुस्तकं धूळ झटकून बाहेर आली, कचेऱ्यांना मोडी वाचणारे बोलवावे लागले. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं, बारशाच्या आधी नोंद झालेली, नुसतं बापाचं नाव आणि "मुलगा" किंवा "मुलगी". मृत्यूच्या नोंदीत कारण असतं: ताप, पटकी, देवी. पटकी म्हणजे कॉलरा, आणि एकाच आठवड्यात एकाच आळीतल्या चार घरांत पटकी दिसली तर त्या चार घरांचा आड एक होता का ते बघा. आमच्याकडं होता.

शाळेचं जनरल रजिस्टर मुख्याध्यापकांना विनंती केली तर बघायला मिळतं. त्यात पत्ता नसला तरी बापाचा धंदा, जात, आधीची शाळा असते. जन्मतारखांवर विसंबू नका. निम्मी आळी एक जूनला जन्मलेली निघेल, ती गुरुजींची कृपा.

मोडी शिकावी का? एक आळी लिहायची तर पूर्ण शिकायची गरज नाही. अंक, महिने, नात्याचे शब्द (बिन, कोम, वलद) आणि आपल्या आळीतली दहा आडनावं ओळखता आली की नोंद कुठली ते कळतं, पुढचं जाणकाराकडून वाचून घ्यावं. "बिन" म्हणजे अमक्याचा मुलगा, "कोम" म्हणजे अमक्याची बायको, "वलद" बहुधा मुसलमान नावांत, मुलाणी-अत्तारांच्या घरी हमखास. सनांचा हिशोब: शकात ७८ मिळवले की इसवी सन, फसलीत ५९०, सुहूर सनात ५९९. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत एकाचा फरक पडतो. शके १८२० दिसलं तर १८९८-९९.

फोटो काढताना प्रत्येक पानाशेजारी एक चिठ्ठी ठेवा: कुठलं पुस्तक, कितवं पान, तारीख. मी पहिल्या दिवशी दीडशे फोटो काढले आणि एकावरही पान क्रमांक आला नाही. पुन्हा रजा, पुन्हा अर्ज.

पायरी ५: हेळवी आणि तीर्थोपाध्ये

कर्नाटकातनं हेळवी यायचे, बैलावर बसून, घराघराची वंशावळ लिहिलेली चोपडी घेऊन. दक्षिण महाराष्ट्रातल्या घराण्यांच्या कित्येक पिढ्या त्यांच्याकडं आहेत. आता काही जण गाडीवरनं येतात. सुगीनंतर चौकशी करत राहा, फोन नंबर घेऊन ठेवा. दक्षिणा द्या, ते त्यांचं पोट आहे. त्यांनी वाचलेलं शब्दाला शब्द लिहून घ्या आणि वरच्या पिढ्यांना जरा सैल हातानं धरा, फार वर गेलं की प्रत्येक घराणं कुठल्यातरी मोठ्या राजाशी जाऊन मिळतं. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वरला उपाध्यांच्या वह्या असतात. तिथं पूर्वजांच्या सोबत कोण होतं तेही लिहिलेलं सापडतं, म्हणजे आळीतले कोण कोण एका गाडीनं यात्रेला गेले ते कळतं.

पायरी ६: जपून विचारायच्या गोष्टी

टेप घेऊन भिंत मोजायला लागलात की शेजारच्या घरातलं पहिलं माणूस बाहेर येतं आणि विचारतं, "कुणी पाठीवलं?" वाटणीचे दावे चालू असतात, तुमच्या वहीतला खणांचा आकडा उद्या वकिलाच्या हातात जाऊ शकतो. ज्या घराचा वाद चालू आहे त्याची मापं घेऊ नका, "मध्यम घर" लिहून पुढं जा. हयात माणसांच्या जन्मतारखा, दत्तक, दुसरं लग्न, हे घरच्यांनी आपण होऊन सांगितलं आणि लिहायला हो म्हटलं तरच.

आळीत एखादी मोठी रिकामी जागा असेल, जोतं तासीव दगडाचं, आत चौकाची खूण, आणि तिच्याबद्दल विचारलं की माणसं गप्प होत असतील, तर बहुधा ते अठ्ठेचाळीसचं जळीत. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाल्यावर सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या पुष्कळ गावांत ब्राह्मणांची घरं जाळली गेली. कुणी पेटवलं हे आळीत विचारत फिरू नका, त्यांची नातवंडं शेजारीच राहतात. कोण राहत होतं, काय जळलं, ते कुठं गेले, जागा पुढं कुणाला विकली हे लिहा. आणि त्या कुटुंबाकडं जा, पुण्यात असो की सांगलीत. आमच्या गावच्या वाड्याचा एकच आराखडा आज अस्तित्वात आहे, तो त्या घरातल्या आजोबांनी पुण्यात स्वयंपाकघराच्या टेबलावर बिलाच्या पाठीमागं काढून दिलेला.

आणि आळीच्या शेवटाला वही बंद करू नका. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतली माणसं आळीत राहत नव्हती, पण आळी त्यांच्या हातची आहे. दगड घडवणारे वडार, तुळई बसवणारा सुतार, दवंडी देणारा, मेलेलं ढोर ओढणारा, प्रत्येक घराशी कुणाचं बलुतं लागलं होतं ते लिहा. कनिष्ठ गावकामगारांची वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली, त्यांच्या नोंदी वेगळ्या रजिस्टरात असतात, मागून बघाव्या लागतात. जुन्या कागदांत वस्त्यांची नावं जातीवरनं असतात. सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये ती बदलायचा निर्णय घेतला. वहीत आजचं नाव वापरा, जुनं फक्त कागद उद्धृत करताना.

पायरी ७: लिहून काढणं

एका घराला दोन समोरासमोरची पानं. उजव्या पानावर वरनं खाली काळानुसार: कोण, कधीपासून, कुणाकडून आलं, काय बांधलं-पाडलं. प्रत्येक ओळीपुढं एक अक्षर: "पा" म्हणजे मी पाहिलं, "ऐ" म्हणजे ऐकलं, "वा" म्हणजे कागदात वाचलं. ऐकलेल्यापुढं सांगणाऱ्याचं नातं लिहा, "आठव्या घरची लेक" एवढं पुरे. ऐकलेलं आणि वाचलेलं जुळत नसेल तर दोन्ही ठेवा, एक खोडू नका. कागद मालक सांगतो, माणसं राहणारा सांगतात, आणि पुष्कळदा दोघेही बरोबर असतात.

गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कच्चं लिखाण टाकू नका. मी एकदा टाकलं, तिसऱ्या घराचे मूळ पुरुष दुष्काळात पोट भरायला आले असं होतं त्यात. खरं होतं, त्यांच्याच काकांनी सांगितलेलं. तीन दिवस आमच्या घरी दूध आलं नाही. आधी प्रत्येक घरी जाऊन त्यांचं पान वाचून दाखवा, मग बाकीच्यांना.

छापायची घाई नको. झेरॉक्स काढून एक प्रत वाचनालयात, एक शाळेत, एक गावाबाहेर राहणाऱ्या कुणाकडं तरी. कृष्णाकाठच्या गावांना हे सांगायला नको, २०१९ च्या महापुरात किती ट्रंका भिजल्या त्यांनी पाहिलंय.

डावं पान कोरं ठेवा आणि वहीला दोरीनं पेन बांधा. दिवाळीत वही सोप्यात उघडी टाका. माझ्या वहीत सातव्या घरासमोरच्या कोऱ्या पानावर आत्तापर्यंत तीन हातांची अक्षरं झालीत. एकात दार कुणी बुजवलं ते आहे, दुसऱ्यात ते तसं नव्हतं असं आहे, तिसऱ्यात फक्त चिंचेचं झाड काढलंय.